आजाराच्या अलीकडचे काम

नारू झालेला माणूस आज चाळिशीच्या आतल्या कोणी पाहिलेला असण्याची शक्यता कमीच. पायावर, बहुधा घोट्याच्या आसपास, आग होणारा फोड यायचा. तो फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारख्या किड्याचे तोंड दिसू लागायचे. किडा दोन-तीन फूट लांब, आणि तो ओढून काढायची सोय नाही. तुटला तर आत राहिलेला भाग चिघळून पाय सुजे. म्हणून तो काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. ऐन शेतीच्या हंगामात माणूस काडी बांधलेला पाय पसरून आठवडेच्या आठवडे ओसरीवर बसून राही. या रोगावर लस नव्हती, आजही नाही. किडा मारील असे औषधही नव्हते. तरीही महाराष्ट्रासह सात राज्यांत ठाण मांडून बसलेला नारू देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले.

गेला कसा? फोड आलेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की पाण्याचा गारवा लागताच किडा हजारो अळ्या सोडी. पाण्यातला डोळ्यांना जेमतेम दिसणारा पिसवासारखा जीव त्या अळ्या गिळी आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून वर्षभराने पुन्हा नारू डोके काढी. हे चक्र तोडायला विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, गावोगाव हापसे बसवले, पाण्यात औषध टाकले. हे सरकारी काम, त्याची कागदोपत्री नोंद आहे. पण त्याबरोबरीचे आणखी एक काम होते: पिण्याच्या पाण्याची प्रत्येक घागर दाट विणीच्या फडक्यातून गाळून घ्यायची. एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. हे काम केले घरोघरच्या बायकांनी. न झालेल्या नारूची नोंद कोणत्याच दवाखान्याच्या वहीत होत नाही, तशी गाळलेल्या घागरींचीही झाली नाही.

समग्र आरोग्य आणि रोगप्रतिबंध हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्यात शिरण्यापूर्वी एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आजार टाळणे हे काम आहे. ते आपोआप होत नाही आणि नुसत्या सद्‌बुद्धीनेही होत नाही. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, अंगमेहनत लागते, आणि ते कोणाच्या तरी वाट्याला येते. कोणाच्या, हे पाहिल्याशिवाय आरोग्याचा विचार समग्र होऊच शकत नाही.

सध्या या विषयाला बरे दिवस आले आहेत, निदान बाजारात तरी. दुधीचा रस, गुळवेलीच्या गोळ्या, तांब्याची बाटली, पावले मोजणारे घड्याळ, डोंगरातल्या रिसॉर्टवरची शरीरशुद्धीची शिबिरे. यातले काही उपयोगाचे असेल, काही निरुपद्रवी असेल. पण हे सगळे एकेकट्याने विकत घ्यायचे असते. ज्याच्या खिशात पैसा आणि हाताशी वेळ आहे त्याने आरोग्य खरेदी करावे, ज्याला जमत नाही त्याने आपल्या आळसाला बोल लावावा, असा त्याचा मथितार्थ. दवाखान्यातला ‘जीवनशैली बदला’ हा सल्लाही पुष्कळदा याच अंगाने जातो. रोज सकाळी पाऊण तास चाला, असे सांगणे सोपे आहे. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा उठायचे, डबे करायचे आणि सहाची लोकल गाठायची, अशा बाईने तो पाऊण तास कुठून काढायचा, याचे उत्तर सल्ला देणाऱ्याकडे नसते. या पुस्तकातल्या लेखकांनी ही अवघड बाजू टाळलेली नाही.

रोग होण्यापूर्वीचा विचार आपल्याला परका नाही. चरकसंहितेने आयुर्वेदाची दोन प्रयोजने सांगितली आहेत: निरोगी माणसाचे आरोग्य राखणे आणि आजारी माणसाचा विकार शमवणे. निरोगी माणूस आधी येतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर दुसराच अध्याय दिनचर्येचा आणि तिसरा ऋतुचर्येचा आहे. हा विचार पोथीत राहिला नाही, तो सणावारांतून आपल्या स्वयंपाकघरात उतरला. पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वाटाणा, पावटा, गाजर, वांगे घातलेली मिसळीची भाजी, दुसऱ्या दिवशी तीळगूळ, पाडव्याला कडुनिंबाची पाने, वैशाखात पन्हे, कोकणात आणि गोव्यात जेवणाच्या शेवटी सोलकढी. त्या त्या ऋतूत शेतात आणि बाजारात जे येते तेच ताटात यावे, एवढे शहाणपण त्यात नक्की होते.

मात्र या परंपरेकडे पाहताना भाबडे होऊन चालत नाही. त्याच स्वयंपाकघरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी बाई होती, आणि ती अजूनही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. ज्यांच्या हातून ऋतुचर्या चालली त्यांच्याच ताटापर्यंत ती पोहोचली नाही. आणि ज्यांना गावाच्या पाणवठ्यालाही शिवता येत नव्हते, त्यांच्या आरोग्याचे काय? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता आणि त्याच नावाने तो ओळखला जातो. पण सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही त्या दिवसाला जागा असली पाहिजे. सर्वांना स्वच्छ पाणी हा रोगप्रतिबंधाचा पहिला धडा, आणि आपल्याकडे तो गिरवण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

त्याच्या तीस वर्षे आधी प्लेगने आणखी एक धडा दिला होता. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. सरकारने पुण्यात घरोघर सोजीर घुसवले, सामान बाहेर फेकले, माणसे जबरदस्तीने वेगळी केली. हेतू साथ रोखण्याचा होता, पण लोकांनी आजार लपवायला सुरुवात केली आणि असंतोषाचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाले. लोकांचा विश्वास नसेल तर प्रतिबंधाचे रूपांतर जुलमात होते. त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून उपचारासाठी नेत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. आणि पुढे गाडगेबाबांनी दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन अशी जोड घालून गावाची घाण ही सगळ्या गावाची जबाबदारी आहे हे शिकवले. त्यांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात गावेच्या गावे झाडून निघाली, ती सरकारी फतव्याने निघाली नसती.

विसाव्या शतकात परंपरेतले काय टिकते हे तपासून पाहणारेही महाराष्ट्रात निघाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला. १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. तो सांभाळायला राहिलेल्या मणिभाई देसाईंना थोड्याच काळात दिसले की गरिबाचे आरोग्य त्याच्या गोठ्याशी आणि शेताशी बांधलेले आहे, आणि ते गोपालनाकडे वळले. १९६७ मध्ये त्यांनी उभी केलेली ‘बाएफ’ ही संस्था पुढे संकरित गाईंसाठी देशभर ओळखली गेली. आरोग्याच्या वाटेने निघालेला माणूस गोठ्यात पोहोचतो, हे या विषयातले नेहमीचे वळण आहे.

१९४६ मध्येच भोर समितीने उपचार आणि प्रतिबंध एकाच छपराखाली आणणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्यात शरीराबरोबर मन आणि समाज यांनाही जागा दिली, आणि १९७८ मध्ये अल्माआटाच्या परिषदेत जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. जाहीरनामे महत्त्वाचे असतात. पण ते प्रत्यक्षात कसे उतरतात हे पाहायचे तर जामखेडला जावे लागते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला हा कायमचा अवर्षणाचा तालुका. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. दवाखान्यात जुलाबाची आणि खंगलेली मुले येत, बरी होत आणि पुन्हा तशीच परत येत. गावकऱ्यांना विचारले तर ते औषध मागत नव्हते, ते पाणी आणि अन्न मागत होते. म्हणून कामाची सुरुवात कूपनलिका आणि मुलांच्या जेवणापासून झाली. कूपनलिका शक्यतो दलित वस्तीजवळ घ्यायची, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावे लागेल, हा त्यातला धोरणी भाग. गावात राहायला शिकलेल्या परिचारिका तयार होईनात, आल्या तरी गावात मिसळेनात. मग गावातलीच एक बाई निवडायची असे ठरले. या ग्राम-आरोग्य कार्यकर्त्यांतल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या, काही टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकत: मुलाचे वजन कसे करायचे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, गरोदर बाईला कधी पुढे पाठवायचे, अंगावरचा बधिर चट्टा कसा ओळखायचा. गावात परत गेल्यावर तेच महिला मंडळाला शिकवायचे. जामखेडमध्ये काम सुरू झाले तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत होती. दोन दशकांत हा आकडा तिसाच्या खाली आला.

औषधांचा यातला वाटा लहान होता. पाणी, मुलांच्या पोटात जाणारे अन्न, लग्नाचे वय, जात आणि गावात बाईच्या शब्दाला आलेले वजन यांनी मोठा वाटा उचलला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक जामखेड पाहायला येऊ लागले. त्या पाहुण्यांना माहिती द्यायला पुढे येत त्या नऊवारीतल्या या बायकाच.

दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि आजवर त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आला. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यापलीकडे बाईच्या शरीराची दखल घ्यायचीच नसते, अशा रीतीने चाललेल्या आरोग्यव्यवस्थेला तो मोठा धक्का होता.

बंग दांपत्याने केलेले एक साधे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. लहान मुलाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास हे धोक्याचे लक्षण, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून एका पट्टीवर एक मिनिटाची वाळूची घडी बसवली आणि मण्यांच्या दोन ओळी केल्या, एक सहा मण्यांची, एक पाच मण्यांची. घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सगळे मणी सरकले तर न्यूमोनिया. ज्या बाईला अडाणी म्हणून बाजूला ठेवले जात होते तिच्या हाती निदान आले, आणि ते बाळाच्या उशाशी, त्याच रात्री आले. पुढे गावोगावच्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत बसवली गेली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून हीच पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते; घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही.

याच आशांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सन्मानित केले. सरकारच्या लेखी मात्र त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नसतो, मानधन असते, आणि त्यासाठीही त्यांना वेळोवेळी संपावर जावे लागते. शस्त्रक्रियेचे बिल होते, न झालेल्या न्यूमोनियाचे होत नाही. प्रतिबंधाचे काम स्वस्त असते असे आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा ते कोणामुळे स्वस्त पडते, याचा हिशेब मांडायला हवा.

तिसरे ठिकाण पुणे, आणि तिथला प्रश्न गरिबीच्या जुन्या आजारांचा नाही, नव्या मधुमेहाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याचे खापर आपण सहज वडापाव, जिलबी आणि बैठ्या कामावर फोडतो. त्यात तथ्य आहेच. पण डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याने गोष्ट बरीच मागे नेली. या गावांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे किडकिडीत होती, स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी धरून असलेले हे शरीर पुढे भरपेट खाऊ लागले की मधुमेहाकडे लवकर झुकते.

मग आईच्या पोटात काय घडत होते? आईने किती उष्मांक घेतले याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पण ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बाळे मोठी होती. आणि आणखी एक गोष्ट दिसली: गरोदरपणात जिच्यावर शेतातल्या आणि घरातल्या कामाचा बोजा जास्त, तिचे बाळ लहान. मेथीची जुडी खुडणारी, दूध काढून डेअरीला पाठवणारी आणि डोक्यावर पाणी वाहणारी बाई एकच असते. तिच्या ताटात त्यातले काय येते आणि तिच्या डोक्यावरचे किती उतरते, यावर तिच्या मुलाचा पन्नाशीतला मधुमेह काही अंशी अवलंबून असतो. जीवनशैली बदला, हे त्या पन्नाशीतल्या माणसाला जरूर सांगावे. पण तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि बदलायला हवी होती ती जीवनशैली त्याची एकट्याची नव्हती.

मनाच्या आजारांतही हेच दिसते. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा व्यसनी माणसाला औषधाने शुद्धीवर आणणे हा कामाचा सोपा भाग होता. तो घरी गेल्यावर काय? म्हणून तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला. नवऱ्याचे व्यसन सुटावे म्हणून वर्षानुवर्षे घर एकटीने ओढणाऱ्या बाईच्या मनावरही व्यसनाने घाव घातलेले असतात आणि त्यांनाही उपचार लागतो, हे तिथे ओळखले गेले.

आता एक सावधगिरीची सूचना, कारण समग्रतेच्या नावाखाली धोकादायक बोलणेही चालते. समग्र विचार म्हणजे औषधांना विरोध नव्हे. कोकणात लाल विंचू चावून, विशेषतः मुले, पटापट दगावत. १९८०च्या दशकापर्यंत गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसपर्यंत वाचत नसत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यावर वापरून पाहिले आणि मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. लाकडाच्या ढिगात बघूनच हात घालावा, चप्पल झटकून घालावी, हे प्रतिबंधाचे शहाणपण हवेच. पण विंचू चावल्यानंतर मांत्रिकाकडे घालवलेला तास हा जिवावरचा तास असतो. काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद करणे, छातीतल्या गाठीवर महिनोन्‌महिने लेप लावत राहणे, मुलाची लस चुकवणे, यांपैकी कशालाही या पुस्तकात थारा नाही. वनस्पतीपासून केले म्हणजे निर्धोक, ही समजूतही सोडून द्यावी. काही भस्मांत आणि काढ्यांत शिसे-पारा सापडलेला आहे. आणि उच्च रक्तदाब पुष्कळदा काहीच लक्षण देत नाही. तो मोजला तरच कळतो. तेव्हा तिशीनंतर तो मोजून घेणे आणि दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवणे, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण यांच्याकडे जरा कडक नजरेने पाहणे, हेही समग्र आरोग्यच.

आता पुस्तकाविषयी. यात वैद्य आहेत, डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ, योगशिक्षक आणि गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते आहेत. त्यांचे सगळ्या बाबतींत एकमत नाही आणि संपादकांनी ते ओढूनताणून केलेलेही नाही. उपवासाच्या प्रकरणातले मत मधुमेहाच्या प्रकरणातल्या मताशी जुळत नाही. वाचकाने दोन्ही वाचावीत. मात्र प्रत्येक लेखकाला तीन प्रश्न घालून दिले होते. तुम्ही सांगता ते काम घरात किंवा गावात नेमके कोण करणार? त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा कुठून येणार? आणि त्याचा उपयोग झाला हे कशावरून कळणार? या चाळणीतून काही सुंदर लेख गळाले, हे सांगायला हरकत नाही. नाचणीचे सत्त्व घरी करावे, हा सल्ला उत्तमच आहे. पण नाचणी भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, दळणे आणि वस्त्रगाळ करणे यात कोणाचे किती तास जातात हे ज्या लेखात होते, तोच लेख राहिला.

प्रकरणांची रचना शरीराकडून घराकडे आणि घराकडून गावाकडे जाणारी आहे. आहार, झोप, व्यायाम, मन हा पहिला भाग बहुतेकांना ओळखीचा वाटेल. दुसरा भाग चुलीचा धूर, मिश्री-तंबाखू, बाळंतपण, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा यांचा आहे. तिसरा भाग लोक चाळून बाजूला ठेवतील अशी भीती आहे, म्हणून त्याची आवर्जून शिफारस करतो. त्यात पदपथ आहेत, सांडपाणी आहे, शाळेतला पोषण आहार आहे, दारूबंदीची भांडणे आहेत आणि पिण्याचे पाणी आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकतो का, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे होते का, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला मिळणारे कार्ड हिरवे आहे की पिवळे की लाल, हे किती जणांना माहीत असते? स्वतःचे कोलेस्टेरॉल तोंडपाठ असलेल्या माणसालाही बहुधा नसते. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात आणि त्याचा उपयोग सगळ्या गावाला होतो.

शेवटी या पुस्तकाच्या वाचकाविषयी. आरोग्यावरची पुस्तके आपल्याकडे कोण विकत घेते आणि नंतर ती कोणाच्या गळ्यात पडतात, हे कोणत्याही ग्रंथविक्रेत्याला विचारावे. नवरा वाचतो, पटते, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी आणि काढा असा फतवा निघतो. निवडणे, चिरणे, उकळणे आणि भांडी घासणे मात्र पूर्वीच्याच माणसाकडे राहते. असे झाले तर या पुस्तकाने घरातल्या एकाचे आरोग्य सुधारून दुसरीचे बिघडवले असे होईल. तेव्हा घरातल्या पुरुषांना विनंती आहे की त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे, आणि पटलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे पेन्सिलीने ते काम करणाऱ्याचे नाव लिहावे. सगळ्या पानांवर एकच नाव आले, तर मधुमेहाचे प्रकरण काढण्यापूर्वी कामांची वाटणी करायला बसावे.